ई. कोलाय : एका रहिवाशाचे चरित्र

'जंतू' हा शब्द आजच्या मराठीत जवळजवळ आरोपासारखा वापरला जातो. जंतुनाशक, निर्जंतुक, जंतुसंसर्ग हे जे सामासिक शब्द आपण रोज वाचतो, त्या सर्वांत जंतू हा हाकलून देण्याचा किंवा मारून टाकण्याचा विषय असतो. मूळ संस्कृतात मात्र 'जन्' या धातूपासून सिद्ध झालेल्या या शब्दाचा अर्थ 'जो जन्मला तो' एवढाच होता. त्यात मुंगी येत होती आणि माणूसही येत होता. 'जीवजंतू' या जोडशब्दात तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे. 'जंत' हे त्याचे घरगुती रूप पोटातील कृमींपुरते उरले आणि पुढे पाश्चात्य वैद्यकातील रोगबीजाची कल्पना मराठीत आली, तेव्हा 'रोगजंतू' या शब्दाने जंतूवर कायमचा शिक्का मारला. याच मराठीत 'विरजण' हाही शब्द आहे. विरजणात काम करतात ते जिवाणूच. पण विरजणाला जंतू म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. जिवाणूंच्या एकाच विशाल जगाला आपण स्वयंपाकघरात एक नाव देतो आणि दवाखान्यात दुसरे.

आम्ही मराठीचे अध्यापक. वैद्यकशास्त्रात आमचा काहीही अधिकार नाही. परंतु नाव कोणी दिले, कोणत्या प्रसंगी दिले आणि त्या नावाने पुढे काय पाहू दिले व काय पाहू दिले नाही, हे प्रश्न आमच्या अभ्यासक्षेत्राचे आहेत. या प्रश्नांच्या उजेडात एका जिवाणूचा इतिहास वाचण्याचा हा प्रयत्न आहे. त्याचे आजचे शास्त्रीय नाव एशेरिखिया कोलाय. वृत्तपत्रांत तो 'ई. कोलाय' म्हणून येतो, आणि बहुतेक वेळा दूषित पाण्याच्या किंवा विषबाधेच्या बातमीतच येतो. वस्तुतः तो आपल्यापैकी जवळपास प्रत्येकाच्या मोठ्या आतड्यात जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांपासून राहत असतो.

त्याची प्रथम नोंद झाली ती मृत्यूच्या सावटाखाली. १८८० च्या दशकात बव्हेरियात जन्मलेल्या दर दहा मुलांपैकी सुमारे तीन मुले वर्षाच्या आत दगावत आणि त्यांतील अनेक मृत्यू जुलाबांनी होत. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जिवाणू दाखवून दिला होता. १८८४ मध्ये ते कोलकात्यात कॉलऱ्याच्या जिवाणूचा शोध घेत होते. प्रत्येक रोगामागे एक विशिष्ट गुन्हेगार असणार आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली सापडणार, अशी त्या पिढीची श्रद्धा बनत चालली होती. त्याच १८८४ साली नेपल्समध्ये कॉलऱ्याची साथ उसळली. म्युनिकचे रुडॉल्फ एमेरिख यांना तेथील मृतदेहांत एक जिवाणू आढळला आणि तोच कॉलऱ्याचे कारण असल्याचे त्यांनी प्रतिपादले. हा 'नेपल्सचा जिवाणू' म्हणजे आजच्या भाषेत ई. कोलायच होय. अर्थात कॉलऱ्याच्या आरोपातून तो लवकरच सुटला. घटनास्थळी हजर असणे म्हणजे गुन्हा करणे नव्हे, हे त्या प्रकरणातून दिसले.

थिओडोर एशेरिख हे तरुण बालरोगतज्ज्ञही त्या साथीच्या वेळी नेपल्सला जाऊन आले होते. म्युनिकला परतल्यावर त्यांनी अर्भकांच्या विष्ठेतील जिवाणूंचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला. त्यांच्या कामाचे वेगळेपण असे की, त्यांनी आजारी मुलांपासून सुरुवात न करता निरोगी मुलांपासून केली. रोगी आतड्यात कोण आहे हे विचारण्यापूर्वी निरोगी आतड्यात कोण असते हे माहीत हवे, असा साधा पण त्या काळात दुर्मीळ असलेला विचार त्यामागे होता. नवजात बालकाच्या पहिल्या विष्ठेत त्यांना आरंभी जिवाणू आढळले नाहीत. परंतु काही तासांतच ते दिसू लागत. आईच्या दुधावरील मुलांत आणि इतर अन्न घेणाऱ्या मुलांत त्यांचे मिश्रण वेगळे असते, हेही त्यांच्या ध्यानी आले. १८८५ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष मांडले, १८८६ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला आणि मोठ्या आतड्यात हमखास सापडणाऱ्या एका दंडगोल जिवाणूला 'बॅक्टेरियम कोलाय कम्यून' असे नाव दिले. 'मोठ्या आतड्यातील सर्वसाधारण जिवाणू' असा त्याचा सरळ अर्थ. या नावात स्तुती नाही आणि निंदाही नाही. पत्त्यावरून ओळखल्या जाणाऱ्या रहिवाशाचे ते नाव आहे. या जिवाणूला पुढे मिळालेल्या सर्व विशेषणांपेक्षा हे पहिले, रंगहीन नावच अधिक न्याय्य होते, असे आम्हांस वाटते. एशेरिख यांनीच १८९० च्या दशकात याच जिवाणूमुळे लहान मुलींना होणाऱ्या मूत्राशयाच्या दाहाचेही वर्णन केले. आतड्यात निरुपद्रवी असणारा रहिवासी दोन बोटे अंतरावरील दुसऱ्या अवयवात गेला की रोग घडवतो, ही गोष्ट त्याला ओळखणाऱ्या पहिल्याच माणसाने नोंदवून ठेवली होती. आजही मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गांपैकी बहुसंख्य संसर्ग याच जिवाणूमुळे होतात.

परंतु ही तटस्थता टिकली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी आतड्यातील जिवाणूंविषयीचा विचार दोन टोकांत विभागला गेला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील इल्या मेचनिकॉव्ह यांनी असे मांडले की, मोठ्या आतड्यातील कुजवणारे जिवाणू विषे तयार करतात आणि त्यांच्यामुळे माणूस लवकर म्हातारा होतो. यावर त्यांनी सुचवलेला उपाय आंबवलेल्या दुधाचा होता. बल्गेरियातील दह्याचा जिवाणू स्टामेन ग्रिगोरोव्ह यांनी १९०५ मध्ये वेगळा केला होता. मेचनिकॉव्ह यांनी त्याला दीर्घायुष्याचा दूत बनवले. चांगले जिवाणू आणि वाईट जिवाणू अशी सरळ फाळणी लोकप्रिय होण्यात १९०८ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी असलेल्या या शास्त्रज्ञाच्या अधिकारवाणीचा वाटा मोठा आहे. रूपक जेव्हा उपचार ठरवू लागते, तेव्हा त्याची किंमत शरीराला मोजावी लागते. लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम आर्बथनॉट लेन हे आतड्यातील विषबाधेच्या याच कल्पनेने भारून बद्धकोष्ठाच्या रुग्णांची मोठी आतडी काढून टाकीत. अशा शस्त्रक्रियांत माणसे दगावलीही. ज्या अवयवात 'शत्रू' राहतो तो अवयवच नको, हा या विचाराचा शेवटचा टप्पा होता.

त्याच काळात जर्मनीत नेमकी उलटी कथा घडत होती. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या छावण्यांत आमांश व जुलाब यांनी थैमान घातले होते. फ्रायबर्गचे आल्फ्रेड निस्ले यांना १९१७ मध्ये एक असा सैनिक आढळला की, ज्याचे सोबती आजारी पडले असताना तो मात्र ठणठणीत राहिला. त्याच्या आतड्यातून त्यांनी ई. कोलायचा एक वाण वेगळा केला आणि तो इतर रोगजनक जिवाणूंना वाढू देत नाही असे पाहून औषध म्हणून देण्यास सुरुवात केली. निस्ले यांच्या नावाने ओळखला जाणारा हा वाण आजही वापरात आहे. मोठ्या आतड्याच्या व्रणयुक्त दाहात आजार पुन्हा उलटू नये म्हणून तो प्रचलित औषधाच्या तोडीचा ठरतो, असे १९९९ आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत दिसून आले.

रहिवाशाचा हा उपकार कसा घडतो, याची कल्पना १९५४ मधील एका प्रयोगावरून येते. मार्जोरी बोनहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना स्ट्रेप्टोमायसिनची एक मात्रा दिली. एरवी त्या उंदरांना साल्मोनेलाचा संसर्ग होण्यासाठी सुमारे एक लाख जिवाणू लागत. प्रतिजैविकानंतर दहाहून कमी जिवाणू पुरेसे ठरले. आतड्यात जागा आणि अन्न आधीच कोणी व्यापलेले असेल, तर नवागताला पाय ठेवायला फट मिळत नाही. ई. कोलाय हा या वस्तीतील बहुसंख्याक नव्हे. निरोगी आतड्यात त्याचे प्रमाण साधारणतः एक टक्क्याहूनही कमी असते. तरी तो शिल्लक प्राणवायू वापरून टाकतो, के जीवनसत्त्वाचा एक प्रकार तयार करतो आणि आपल्याच जातीच्या परक्यांना अडवतो.

'आपल्याच जातीच्या परक्यांना' हे शब्द आम्ही मुद्दाम योजले आहेत, कारण या कथेचा सर्वांत करुण भाग त्यांत आहे. इंग्लंडमधील अर्भकांच्या प्रसूतिगृहांत आणि रुग्णालयांत उन्हाळी जुलाबांच्या साथी येत आणि तान्ही मुले दगावत. तपासणीत ई. कोलाय सापडे, पण तो तर सर्वांतच असतो, म्हणून अहवालात 'विशेष काही नाही' असेच लिहिले जाई. जर्मनीत आडाम यांनी १९२० च्या दशकातच काही विशिष्ट कोलाय वाणांवर संशय व्यक्त केला होता. त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. अखेर १९४५ मध्ये मिडलसेक्समधील जॉन ब्रे यांनी रक्तद्रवाच्या कसोट्या लावून दाखवले की, आजारी मुलांतील कोलाय हा सर्वांत असणारा कोलाय नव्हे. तो एकाच विशिष्ट प्रकारचा आहे. दोन-तीन वर्षांत ॲबर्डीनमधील साथीनेही तेच सिद्ध केले. 'निरुपद्रवी' या विशेषणाने अनेक वर्षे एका मारेकऱ्याला आडोसा दिला होता. 'शत्रू' हा शब्द जितका आंधळा करतो, तितकाच 'मित्र' हा शब्दही करतो.

हे घडते कसे, याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा धागा भारतात सापडतो. कोलकात्याचे शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात जिवाणू सोडण्याची पद्धत १९५३ मध्ये कॉलऱ्याच्या अभ्यासासाठी वापरली. १९५६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच पद्धतीने दाखवले की, जुलाबाच्या रुग्णांतील ई. कोलायचे काही वाणही आतड्यात तसाच द्रव साठवतात. १९५९ मध्ये कॉलऱ्याचे विष स्वतंत्रपणे दाखवण्याचे श्रेयही त्यांचेच. साध्या साधनांनिशी काम करणाऱ्या या संशोधकाला हयातीत देशात पुरेसा मान मिळाला नाही, ही आपल्या विद्याव्यवहारातील एक दुखरी बाजू आहे.

दरम्यान प्रयोगशाळेत याच जिवाणूचे तिसरे आयुष्य सुरू झाले होते. कॅलिफोर्नियात १९२२ मध्ये घटसर्पातून बऱ्या होत असलेल्या एका रुग्णाच्या विष्ठेतून मिळालेला 'के-१२' हा सौम्य वाण वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांसाठी जपला गेला होता. १९४६ मध्ये जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टेटम यांनी त्यावर प्रयोग करून दाखवले की, जिवाणू एकमेकांशी जनुकांची देवघेव करतात. या शोधाचे दोन्ही परिणाम पाहण्यासारखे आहेत. जनुके देता-घेता येतात या ज्ञानाच्या वाटेने १९७८ मध्ये ई. कोलायकडून मानवी इन्सुलिन बनवून घेता आले आणि १९८२ मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मान्य झाले. मधुमेहाच्या रुग्णांसाठी हा जिवाणू अक्षरशः कामगार बनला. परंतु तीच देवघेव निसर्गातही चालू होती. जपानमध्ये १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आमांशाच्या जिवाणूंवर एकाच वेळी अनेक औषधे निष्प्रभ ठरू लागली. अकिबा आणि ओचिआई या संशोधकांनी दाखवले की, औषधाला दाद न देण्याचा हा गुण ई. कोलायकडून आमांशाच्या जिवाणूकडे जाऊ शकतो. म्हणजे स्वतः कोणताही आजार न करणारा रहिवासी आतड्यातल्या आतड्यात दुसऱ्याला शस्त्र उसने देत होता.

१९८२ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवावे लागते. ज्या वर्षी ई. कोलायने बनवलेले इन्सुलिन बाजारात येण्यास परवानगी मिळाली, त्याच वर्षी अमेरिकेत ऑरेगन आणि मिशिगन या राज्यांत अर्धकच्चे हॅम्बर्गर खाल्लेल्या लोकांना रक्ताचे जुलाब झाले आणि 'ओ१५७:एच७' या नावाचा वाण प्रकाशात आला. त्याच्याकडे जे विष आहे ते आमांशाच्या जिवाणूच्या विषाशी मिळतेजुळते आहे आणि त्याचे जनुक जिवाणूला ग्रासणाऱ्या एका विषाणूबरोबर आलेले आहे. हे विष मूत्रपिंडे निकामी करू शकते, विशेषतः लहान मुलांची. अशा रुग्णांना काही प्रतिजैविके दिल्यास मरणारा जिवाणू अधिक विष सोडण्याची भीती असते. २०११ मध्ये उत्तर जर्मनीत अशाच विषाच्या दुसऱ्या एका वाणाने ३,८०० हून अधिक लोकांना आजारी पाडले आणि ५० हून अधिक माणसे दगावली. आरंभी स्पेनमधील काकड्यांवर आळ आला. तपासाअंती मेथीच्या मोडांकडे बोट गेले. मोडांना आपण आरोग्याचे प्रतीक मानतो, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

मग हे सारे एकच आहेत की नाहीत? १९९७ मध्ये के-१२ चा संपूर्ण जनुकपाठ वाचला गेला. त्यात सुमारे ४,३०० जनुके होती. २००१ मध्ये ओ१५७:एच७ चा पाठ वाचला गेला, तेव्हा त्यात के-१२ मध्ये मुळीच नसलेली १,३८७ जनुके आढळली. २००२ मध्ये मूत्रमार्गाचा आजार करणारा तिसरा वाण या दोहोंशी ताडून पाहिला असता, तिघांच्या एकत्रित प्रथिनांपैकी केवळ ३९.२ टक्के प्रथिने तिघांनाही समान निघाली. हस्तलिखितांच्या पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्या वाचकाला यातील अडचण लगेच जाणवेल. येथे शुद्ध मूळ संहिता आणि तिची भ्रष्ट रूपे अशी मांडणी करता येत नाही. प्रत्येक प्रत आपापल्या प्रवासात काही ओव्या गमावते, काही शेजाऱ्यांकडून घेते, आणि शीर्षक मात्र सर्वांवर एकच असते.

निस्ले यांचा औषधी वाणही या गुंत्यातून सुटलेला नाही. २००६ मध्ये ई. कोलायच्या काही वाणांत कोलिबॅक्टिन नावाचे, पेशीतील डीएनएला इजा करणारे द्रव्य बनवणारा जनुकसमूह सापडला. २०२० मध्ये मोठ्या आतड्याच्या काही कर्करोगांत त्या द्रव्याच्या खुणा ओळखण्यात आल्या. हाच जनुकसमूह शंभर वर्षे औषध म्हणून दिल्या गेलेल्या निस्ले यांच्या वाणातही आहे. यावरून ते औषध कर्करोग करते असे सिद्ध होत नाही. उपकारक आणि अपकारक अशा दोन वेगळ्या टोळ्या नाहीत; एकाच देहात दोन्ही शक्यता नांदतात, एवढे मात्र त्यावरून निश्चितपणे म्हणता येते.

येथे एक मोह आवरावा लागतो. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार सांगताना 'सहज', म्हणजे देहासोबतच येणारे कृमी त्या गणनेबाहेर ठेवलेले आहेत आणि टीकाकार चक्रपाणिदत्त यांनी त्यांना विकार करणारे मानलेले नाही. हे वाचून 'आपल्याकडे सर्व काही आधीच होते' असे म्हणण्याची घाई होऊ शकते. चरकांच्या कृमींना आजचे जिवाणू म्हणणे हा संहितेवर अन्याय ठरेल. त्यातून घेण्यासारखे आहे ते वेगळेच : देहात जे जे इतर सजीव आहे ते सर्व शत्रूच, ही कल्पना सनातन नाही, ती इतिहासात एका विशिष्ट काळी घडलेली आहे. जे घडलेले आहे ते बदलताही येते. लेडरबर्ग यांनीच २००० साली लिहिलेल्या एका लेखात विसाव्या शतकाचे युद्धाचे रूपक आता बाजूला सारावे आणि माणूस व त्याचे सूक्ष्मजीव यांचा एकत्र विचार करावा, असे सुचवले होते.

हा केवळ शब्दांचा खेळ असता तर त्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे थेट ओढवले, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या जिवाणूंच्या यादीत पहिले नाव ई. कोलायचे आहे. त्याला हे सामर्थ्य आपणच दिले. सर्दीपडशासारख्या विषाणुजन्य आजारात उगाच घेतलेली, दोन दिवसांत बरे वाटले म्हणून अर्धवट सोडलेली, पशुखाद्यात मिसळलेली प्रतिजैविके प्रत्येक वेळी आतड्यातील संपूर्ण वस्तीवर पडतात. त्यातून जो वाचतो तो आपला अनुभव शेजाऱ्यांना देतो. 'जंतू मारा' या दोन शब्दांच्या आज्ञेत ही वस्ती दिसतच नाही. याउलट 'चांगले जिवाणू' या नावाने बाटलीबंद विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पेयावर विश्वास टाकणे, हीही मेचनिकॉव्ह यांच्या काळातील फाळणीच नव्या वेष्टनात घेणे होय. आणि रूपक बदलले म्हणून सावधगिरी सोडावी असाही याचा अर्थ नव्हे. पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात एकही ई. कोलाय आढळता कामा नये, असे भारतीय मानक सांगते ते योग्यच आहे. तेथे तो बहुधा स्वतः आरोपी नसतो. पाण्यात विष्ठा मिसळल्याचा तो साक्षीदार असतो, आणि त्याची साक्ष गांभीर्याने घ्यावी लागते.

मराठीत 'चरित्र' आणि 'चारित्र्य' हे दोन शब्द एकमेकांच्या अगदी जवळ उभे आहेत. सूक्ष्मजीवांच्या बाबतीत आपण नेहमी चारित्र्य विचारत आलो : हा चांगला की वाईट? एशेरिख, ब्रे, डे आणि लेडरबर्ग यांच्या कामातून आपल्याला मिळते ते मात्र चरित्र : हा कोठे होता, कोणाच्या संगतीत होता, त्याने कोणाकडून काय घेतले आणि कोणत्या जागी तो काय करून बसला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते, म्हणून तो सोयीचा वाटतो. दुसऱ्याला वेळ लागतो, पुरावा लागतो, आणि उत्तर बदलण्याची तयारी लागते. प्रसूतिगृहांतील तान्ह्या मुलांच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न वेळेवर विचारला गेला असता, तर त्यांतील काही मुले तरी वाचली असती.